समुद्राला मिळवलेली तार

मी मिरजेचा एक लहान तंबोरा. स्वतःबद्दल बोलणं माझ्या जातीला शोभत नाही. आमचं काम दुसऱ्याच्या आवाजामागे उभं राहण्याचं. तरी बोलतोय. आणि जे सांगणार आहे ते मला पूर्ण कळलंय अशी माझी खात्री नाही. एका गोष्टीबाबत मी स्वतःला इतक्या वेळा तपासलं आहे, की आता तपासणाऱ्यावरच विश्वास उरलेला नाही. वाचणाऱ्यानं हे आधीच लक्षात घ्यावं.

माझा भोपळा भीमेच्या वाळूत पिकला. दांडी तुनीच्या लाकडाची. मौलासाहेब नावाच्या कारागिरानं मला घडवलं. सांगलीच्या एका गवयानं सांगून करून घेतलेलं वाद्य होतो मी, प्रवासात न्यायला सोपं जावं म्हणून लहान. तो गवई मला न्यायला आलाच नाही. का आला नाही, ते मला माहीत नाही. मी दुकानातच राहिलो.

दुकानात मौलासाहेबांचा मुलगा निजाम बसे. त्याला बापानं पहिल्या दिवशी जे शिकवलं, ते मीही ऐकलं. गळ्याशी भांडायचं नाही. गवई ज्या पट्टीत बसेल तो त्याचा षड्ज. तो चढला तर आपण चढायचं, उतरला तर उतरायचं. तंबोऱ्याचा स्वतःचा असा सूर नसतो. मला हे तेव्हा फार मोठेपणाचं वाटलं होतं. आज काय वाटतं, ते शेवटी सांगेन. किंवा सांगू शकणार नाही.

लढाई सुरू झाली आणि जर्मनीहून येणारी पोलादी तार बंद झाली. तारेवाचून दुकान बसलं. निजाम भरतीला गेला. तिथं त्याच्या कानाला एक डबी लावून टकटक ऐकवली आणि ऐकलंस ते लिही म्हणाले. त्यानं एकही चूक केली नाही. उलट, दोन वेळा आवाजाची पट्टी बदलली हेही त्यानं न विचारता सांगितलं. त्याला बिनतारी खात्यात घेतलं.

त्याची नेमणूक झाली ती घरापासून फार लांब नव्हे. शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेच्या उगमाच्या बाजूला सह्याद्रीचं एक उंच पठार आहे. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ संध्याकाळी तिथून समुद्र दिसतो. म्हणजे आभाळाच्या खालच्या काठाला एक चकाकती रेघ दिसते आणि लोक तिला समुद्र म्हणतात. त्या पठारावर लष्करानं पत्र्याचं एक ठाणं उभारलं होतं. माणसं मोजकी. आष्ट्याचा कृष्णात हवालदार मुख्य. यंत्रं दुरुस्त करणारा जोतीराम, तो खालच्या शिराळ्याचाच. ऐकणारा निजाम. शिवाय पहाऱ्याचे दोघे-तिघे.

खालच्या वाडीतल्या लोकांना वाटे, भूमिगतांची कुजबुज पकडायला हे कान बसवलेत. ते दिवसच तसे होते. दूध घालायला येणारी धनगराची तानुबाई तेवढी भीत नसे. ती रोज विचारी, "आज समिंदर काय म्हन्तोय, हवालदार?"

"तुझं दूध पातळ हाय म्हन्तोय," कृष्णात सांगे.

"मग तेला म्हनावं, खारट पान्यात वतून बग, दाट हुईल."

पण तिचा प्रश्न खरा होता. ते ठाणं समुद्राचंच ऐकत होतं. किनाऱ्यापासून चाळीस मैल आत, खोल पाण्यात, लोखंडाचा एक मोठा तरंगता बोया नांगरून ठेवला होता. त्याच्या पोटात हवेचा दाब मोजणारी एक पत्र्याची डबी, काही काचेचे दिवे, एक बॅटरी आणि एक घड्याळ. दर तीन तासांनी घड्याळ त्याला जागं करी. मग पाच मिनिटं तो हवेतून एकच लांब सूर पाठवी. दाब चांगला असेल तर सूर उंच. दाब उतरला, म्हणजे वादळ जवळ आलं, की सूर खाली. शब्द नाही, अक्षर नाही. नुसता सूर. किनाऱ्यावरून तो ऐकू येत नसे. मध्ये पृथ्वीचा उतार येतो. पठाराच्या उंचीवरून मात्र येई.

हे असंच का होतं ते जोतीरामानं निजामला दोनदा समजावून सांगितलं. मीही दोन्ही वेळा ऐकलं. मला वाटतं, मला कळलं.

सूर मोजायला ठाण्यात एक विजेची पेटी होती. बोयाचा सूर ऐकायचा, पेटीचा सूर फिरवून त्याला लावायचा आणि पेटीवरचा आकडा वाचायचा. पहिल्याच पावसाळ्यात पठारावरच्या धुक्यानं ती पेटी आतून बुरसली. नवी मागवली. ती येईना. लढाईत सगळ्यांनाच सगळं हवं होतं. तेव्हा निजाम म्हणाला, "सूर सुराला लावायचा एवढंच न्हवं? घरात तंबोरा पडून हाय."

असा मी पठारावर आलो. माझ्या चारातल्या तीन तारा काढल्या. एक ठेवली. जोतीरामानं माझ्या दांडीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तीवर चाळीस खुणा केल्या. तारेखाली बांबूची एक चीप सरकवायची. ती खालीवर केली की सूर बदले. जुन्या वहीतले आकडे ताडून कुठल्या खुणेला किती दाब हे त्यानं आठ दिवसांत बसवलं. नेहमीचा समुद्र तिसाव्या खुणेच्या आसपास बोले. विसाव्या खुणेला ठाण्यावर देखरेख करणाऱ्या लष्करी साहेबानं तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली. त्याच्या खाली सूर गेला तर वादळ.

आणि एक गोष्ट साहेबानं बजावून सांगितली. तार ही तार आहे. ती हवेनं चढते, उतरते. म्हणून प्रत्येक वेळी समुद्र ऐकण्याआधी चीप तिसाव्या खुणेवर ठेवायची, पोलादाचा नादकाटा, म्हणजे ठोकला की नेहमी एकच सूर देणारा चिमटा, वाजवायचा, आणि तार त्या काट्याला मिळवायची. काटा बदलत नाही. काट्यावर भरवसा, तारेवर नाही.

निजामनं मान डोलावली. मला तो भरवसा नसण्याचा भाग थोडा लागला होता, हे मी नाकारत नाही.

वर्षभर काम चांगलं चाललं. साहेब महिन्यातून एकदा येई आणि माझ्याकडे बघून हसे, पण त्याचे आकडे माझ्याच दांडीवरून जात होते. जोतीराम मला गवई म्हणायचा. पहाटे निजामला हलवताना त्याचं वाक्य ठरलेलं होतं, "ऊठ रं, गवई बसला बैठकीला." निजाम कानाला डबी लावी, एका हातानं तार छेडी, दुसऱ्यानं चीप सरकवी. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक थरथर उठते. जुळले की ती थांबते. ती थांबण्याचा क्षण निजामला इतका आवडायचा, की आकडा लिहायला त्याला कधी कधी उशीर होई.

पुढच्या वर्षी भाद्रपदात बोयाचा आवाज क्षीण झाला. बॅटरी संपत आली होती. बॅटरी बदलायला माणूस पाठवायला हवा होता आणि ते काम जोतीरामाचं. दसऱ्याच्या पाच दिवस आधी तो नवी बॅटरी घेऊन घाट उतरला. वाटेत एक रात्र शिराळ्यात घरी राहिला; लग्नाला तीन वर्षं झाली होती, बायकोचं नाव अंजना. तिथून कोकणातल्या एका बंदरावर गेला. तिथं मोटारीची होडी आणि ती हाकणारा तांडेल तयार होते.

होडी केव्हा सोडायची, हे बंदरावर ठरणार नव्हतं. ते आमच्या ठाण्यावर ठरणार होतं. दसऱ्याच्या सकाळी सहाचा आकडा आणि त्याआधीचे आकडे एकसारखे असले, तर 'स्थिर' असा संदेश जायचा आणि होडी निघायची. उतरते असले तर होडी थांबायची. होडीवर बिनतारी यंत्र नव्हतं. एकदा निघाली की तिला परत बोलावता येणार नव्हतं. बॅटरी बसली की जोतीरामानं सूर तीनदा तोडायचा, म्हणजे ठाण्याला कळेल, असं ठरलं होतं.

आता खंडेनवमी. आमच्या भागात त्या दिवशी हत्यारं पुजतात. शेतकरी खुरपं-कोयता पुजतो, सुतार करवत, शिपाई बंदूक. पुजलेलं हत्यार दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळीच उचलायचं. कृष्णात हवालदारानं पत्र्याच्या भिंतीशी चौरंग मांडला. बंदुका, पाने, पकडी, डागणी, तारा कापायची कात्री, सगळं ओळीनं ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. सकाळी नऊचा आकडा निजामनं नेहमीसारखा काट्याला तार मिळवून घेतला होता: एकोणतीस. तो होताच कृष्णातानं काटाही उचलून चौरंगावर ठेवला. तोही हत्यारच. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

निजामनं आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं, "दोन दिवस सगळी पाळी माझी. तुमी सन करा." ईदेला कृष्णातानं त्याच्यासाठी तेच केलं होतं. दोघांत हा हिशेब कधी बोलून झाला नव्हता.

दुपारी बारा वाजता निजामनं कानाला डबी लावली. चीप सकाळच्या एकोणतिसाव्या खुणेवरच होती. तार छेडली. समुद्र आणि मी जुळलो नाही. मी किंचित चढा होतो.

आता काटा हवा होता. काटा चौरंगावर, झेंडूच्या माळेखाली, कपाळाला कुंकू लावलेला. निजामनं तिकडे पाहिलं. उठला नाही. दुसऱ्याच्या पूजेतली वस्तू कशी उचलायची, असं त्याला वाटलं असावं. कृष्णात बाहेर चुलीवरच्या मटणाच्या सागुतीशी होता. हाक मारली असती तर दहा पावलांवर. हाक मारली नाही. सण करा म्हणून आपणच सांगितलं होतं.

त्यानं विचार केला. सकाळपासून कोरडा गार वारा सुटला होता. गारठ्यानं पोलादी तार आवळते आणि चढते, हे खरं आहे. म्हणजे समुद्र जागच्या जागी आहे आणि तंबोरा चढलाय. त्यानं माझी खुंटी केसभर सैल केली. थरथर थांबली. सूर जुळला. त्यानं वहीत लिहिलं: एकोणतीस.

तीन वाजता मी पुन्हा किंचित चढा. पुन्हा केसभर. एकोणतीस. संध्याकाळी पुन्हा. रात्रीचे आकडेही त्यानंच घेतले आणि तसेच घेतले. प्रत्येक वेळी फरक इतका थोडा होता की त्याचा संशय येऊ नये.

समुद्र उतरत होता आणि आम्ही दोघं त्याच्याबरोबर उतरत होतो. बापानं शिकवलं होतं तसं.

इथं मला स्वतःला विचारावंसं वाटतं. तार माझी होती. तिचा ताण ढिला होत होता, ते मला समजत नव्हतं का? समजत असणार. पण प्रत्येक वेळी जुळल्यावर जे वाटतं, ते मला बरोबर असण्यासारखंच वाटलं. या दोहोंतला फरक मला कुणी शिकवला नव्हता, असं मी स्वतःला सांगतो. हे कारण पुरतं का, याचा निर्णय माझ्याकडून होत नाही.

दसऱ्याच्या सकाळी सहाला निजामनं एकोणतीस लिहिलं आणि बंदराला संदेश गेला: स्थिर. पुढं कळलं की तांडेल निघायला राजी नव्हता. पाण्याला लांब, मोठी उसळी आहे, दक्षिणेकडून काहीतरी येतंय, असं तो म्हणत होता. पण ठाण्याचा आकडा स्थिर होता. सातला होडी सुटली. नऊच्या पाळीलाही निजामनं तसंच एकोणतीस लिहिलं.

बाराच्या सुमारास कृष्णातानं आपट्याची पानं आणली. सगळ्यांनी हत्यारं उचलली, एकमेकांना सोनं दिलं. निजामलाही दिलं. त्यानं पान कानटोपीत खोवलं, काटा उचलला, बाराच्या पाळीला बसला. चीप तिसाव्या खुणेवर ठेवली, काटा वाजवला, त्याचं बूड माझ्या भोपळ्यावर टेकवलं.

काटा माझ्यापेक्षा कितीतरी उंच बोलला.

त्याला वाटलं, काट्याला हळद लागलीय. त्यानं काटा धुतला, पुसला. पुन्हा वाजवला. पुन्हा तेच. हळद लागली तर काट्याचा सूर उतरेल, चढणार नाही. हे त्याच्या लक्षात आलेलं मी पाहिलं. त्यानं खुंटी पिळायला घेतली. पिळत गेला, पिळत गेला. एवढा ताण द्यावा लागला तेव्हा किती सोडला होता ते उमगलं. मग डबी कानाला लावून चीप खाली सरकवत नेली. तांबडी रेघ ओलांडली. अठरा.

तो वही घेऊन कृष्णातासमोर उभा राहिला आणि काय झालं ते एका दमात सांगितलं. कृष्णात ओरडला नाही. त्यानं आधी बंदराला संदेश लावला: वादळ, सगळ्या होड्या ओढून घ्या. उत्तर आलं की बाकीच्यांना सांगतो, पण तुमची होडी सकाळीच गेली. मग तो निजामकडे वळला.

"काटा मागितला असतास तर मी दिला नसता व्हय?"

"पूजेत हुता."

"देवीला कळत न्हाई व्हय रं, काम कशाला म्हन्त्यात?"

दोघंही एकमेकांचा मान राखत होते, एवढंच मी सांगू शकतो.

तीनच्या पाळीला दोघं शेजारी बसले. डबीचा एक कान निजामला, एक कृष्णाताला. सूर आला. क्षीण नव्हता, खणखणीत, नव्या बॅटरीचा. एकदा तुटला. दोनदा. तीनदा.

"जोत्या हाय," कृष्णात म्हणाला. मग डबीकडे तोंड नेऊन हळूच म्हणाला, "मागं फीर, गड्या."

ती डबी बोलायची नव्हती, ऐकायची होती. हे त्याला माहीत होतं.

खूण सोळावी. पाच मिनिटं झाली. आता घड्याळानं बोयाला झोपवायचं. पण सूर थांबला नाही. सहा मिनिटं, दहा, पंधरा. निजामनं कृष्णाताकडे पाहिलं. बोया आपणहून असं करत नाही. झाकण उघडून कुणीतरी घड्याळाची तार हातानं सोडवावी लागते. जोतीरामानं आभाळ पाहिलं होतं. परतायला वेळ नाही हे त्याला दिसलं असेल, किंवा नसेल. पण तीन तास गप्प राहणारा बोया आज कामाचा नाही, एवढं त्याला दिसलं होतं, आणि त्यानं तो बोलता करून ठेवला.

मग निजामनं ते केलं जे आदल्या दिवसापासून करायला हवं होतं. दर अर्ध्या तासाला काटा, तार, समुद्र, आकडा. काटा, तार, समुद्र, आकडा. पंधरा. चौदा. तेरा. बारा. प्रत्येक आकडा बंदराला गेला. किनाऱ्यावरच्या गावांना त्यावरून सावध केलं, होड्या वर ओढल्या. त्यानं किती माणसं वाचली हे आम्हांला कुणी कळवलं नाही, म्हणून मी ते धरत नाही.

सहा वाजता दहा. साडेसहाला नऊ. निजामनं नऊचा आकडा लिहिला, आणि लेखणी उचलायच्या आत सूर गेला. तुटला नाही, खाली आला नाही. होता, आणि मग नव्हता. पुढं तो कधी आला नाही.

होडी सापडली नाही. माणसंही नाहीत. सरकारी कागदावर जोतीराम बेपत्ता लागला.

चौकशी झाली. कृष्णातानं सुचवलं होतं की साहेबापुढं थंडीचं कारण सांग. निजामनं वहीतले नवमीच्या दुपारपासूनचे आकडे खोडले आणि प्रत्येकापुढं लिहिलं: तार काट्याला नव्हे, आवाजाला मिळवली. साहेबानं अहवालात लिहिलं की देशी वाद्य मोजमापास अविश्वसनीय. म्हणजे दोष माझ्यावर आला. निजाम म्हणाला की वाद्याचा दोष नाही, माझा आहे. साहेबानं ते लिहून घेतलं नाही. नवी पेटी आली. निजामला ऐकण्याच्या कामावरून काढून कोठाराला लावलं. लढाई संपल्यावर तो मला घेऊन मिरजेला परतला.

दुकानात मी भिंतीला लागलो. तारा मिळू लागल्या होत्या, पण माझ्या तीन तारा त्यानं परत चढवल्या नाहीत. वाद्यं करायचा, विकायचा. शिराळा मिरजेहून काही परदेश नव्हे. पण तो गेला नाही.

म्हणून तिकडचीच माणसं आली. लढाई संपून दोन वर्षं झाली होती, भाद्रपद लागला होता. एक बाई आणि एक म्हातारा दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. बाईच्या कपाळाला कुंकू होतं. ती अंजना. म्हातारा तिचा सासरा, गुंडातात्या. तो आत आला नाही. पायरीवर बसून पानतंबाखूची चंची सोडली.

"तुमी आला न्हाईसा, भावजी," अंजना म्हणाली. "दोन वर्सं वाट बगितली."

निजाम उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. काटा, खुंटी, एकोणतीस, स्थिर. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे हवालदारांनी सांगितलंय. त्येच्यासाटी न्हाई आलो."

मग तिनं सांगितलं ते असं. घरात जोतीराम गेल्यापासून हाच विषय होता. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, असं भावकी म्हणे. कुणी म्हणे, तिथी कळत नाही त्यांचं पान म्हाळात, पितृपंधरवड्यात, अमावास्येला एकत्र वाढतात, तसं करा. सासूबाई मनुबाई दोन्हीला तयार नव्हत्या. जिवंत म्हणून त्याच्या नावचं ताट रोज झाकून ठेवायचं की मेलेला म्हणून पान वाढायचं, हे ठरत नव्हतं, आणि हे न ठरलेलं अंजनाच्या कपाळावर होतं. पुढच्या पंधरवड्यात म्हाळ लागणार होता.

"शेवटचा आवाज कवा आला ते तुमाला ठावं हाय म्हन्त्यात," ती म्हणाली. "मला त्यो ऐकवा."

निजामनं मला भिंतीवरून काढलं. चीप शोधली. काटा काढला. ती बघत असताना त्यानं चीप तिसाव्या खुणेवर ठेवून तार काट्याला मिळवली, आणि त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग दुपारी तीनच्या खुणेवर, सोळाव्यावर, चीप ठेवून त्यानं तार छेडली. तीनदा हात ठेवून तोडली.

"हे त्यानं क्येलं?"

"व्हय. हातानं. तवा त्यो होता."

ती म्हणाली, पुढचं. निजामनं आकडे न बघता चीप सरकवत नेली. पंधरा, चौदा, तेरा, बारा. पायरीवर गुंडातात्यांचा चुना मळणारा हात थांबला होता. दहा. नऊ. नऊचा सूर माझ्या भोपळ्यात बराच वेळ राहिला आणि संपला.

"पुढं?"

"पुढं काही न्हाई, वैनी. साडेसहा वाजले हुते. दिवस बुडता."

"म्हंजी दसऱ्याला. दशमीला."

तिला काय हवं होतं, ते निजामला कळलं होतं. हो म्हटलं की तिचं काम होणार होतं. पण एकोणतीस लिहितानाही त्यानं समोरच्या सुरालाच तार मिळवली होती. त्याचे हात माझ्या दांडीवर होते.

"आवाज साडेसहाला थांबला," तो सावकाश म्हणाला. "ते मी काट्याला लावून सांगतो. पर त्यो आवाज यंत्राचा. बोया तुटला आसंल. होडी आदीच सुटली आसंल. मानूस कवा ग्येला, ते या तारंवर कळत न्हाई. त्ये मी सांगितलं तर पुन्ना खोटं हुईल."

रस्त्यावरून एक टांगा गेला.

"तुमी आवाजाचं सांगितलं," अंजना म्हणाली. "बास झालं. मानसाचं आमी धरू."

ती उठली. गुंडातात्या पायरीवरून उठले, चंची गुंडाळली, आणि पहिल्यांदाच निजामकडे बघून बोलले. "म्हाळाला दशमीला या. पोरगा तुमचं नाव घ्यायचा."

निजाम गेला. तीन दिवस दुकान बंद होतं. परत आल्यावर त्यानं मला भिंतीवरून उतरवलं, माझ्या उरलेल्या तीन तारा चढवल्या, नाद मोकळा व्हावा म्हणून जवारी नव्यानं काढली आणि मला विकायच्या ओळीत ठेवलं. कागदाची पट्टी खरवडताना दांडीला थोडे ओरखडे आले. गिऱ्हाईक ते बघतं आणि किंमत पाडतं. अजून कुणी नेलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी नेलंत तर माझी तक्रार नाही. मला तुमच्या गळ्याला मिळवा. चढाल तसा चढेन, उतराल तसा उतरेन. दुसरं काही मला येत नाही, आणि या वयात येईल असंही वाटत नाही. विनंती एकच आहे. मी तुमच्याशी जुळलो, एवढ्यावरून तुमचं बरोबर आहे असं समजू नका.